शून्य टक्के बेरोजगारीचे घर

पाच प्रौढ माणसांचे एक घर डोळ्यांसमोर आणू. वडील कारखान्यात कायम नोकरीला होते. कारखाना बंद पडल्यापासून त्यांना आठवड्यातून दोन दिवस, तेही चार-चार तासांचे काम मिळते. उरलेले दिवस ते आणखी कामाची वाट पाहत घरी बसतात. आई घर सांभाळते. काम मिळाले तर उद्यापासून जाईन असे ती म्हणते, पण आपल्याजोगे काम जवळपास नाही हे ठाऊक असल्यामुळे कुठे विचारायला जात नाही. थोरल्या मुलाने दोन वर्षे अर्ज केले, मुलाखती दिल्या आणि सहा महिन्यांपूर्वी सगळे सोडून दिले. मुलगी पदवीनंतर एका परीक्षेचा अभ्यास करते आहे आणि ती परीक्षा होईपर्यंत कोणी नोकरी देऊ केली तरी घेणार नाही. धाकटा मुलगा काकांच्या लहानशा धंद्यात दिवसभर राबतो, पण त्याला पगार असा मिळत नाही.

या घरात बेरोजगार किती, असे शेजाऱ्यांना विचारले तर कोणी दोन म्हणेल, कोणी तीन, कोणी चार. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे उत्तर आहे शून्य. घराचा बेरोजगारीचा दर शून्य टक्के. यात गणिताची चूक नाही आणि कोणाची लबाडीही नाही. हा आकडा ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न आपल्या मनातल्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे, इतकेच. बेरोजगारीचा दर घटल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि आजूबाजूला शिकलेली मुले रिकामी दिसत असताना त्या वाचून माणूस गोंधळतो किंवा चिडतो. म्हणून तो प्रश्न नेमका काय आहे हे आधी पाहू.

बेरोजगार ठरण्याच्या तीन अटी

जगातील बहुतेक देश आज जी मोजणी करतात तिचा पाया ऑक्टोबर १९८२ मध्ये जिनिव्हा येथे घातला गेला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भरवलेल्या श्रमविषयक सांख्यिकीतज्ज्ञांच्या तेराव्या परिषदेने तेव्हा एक ठराव मंजूर केला. त्यानुसार बेरोजगार ठरायला तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. पाहणीसाठी ठरवलेल्या आठवड्यात माणसाने कोणतेही काम केलेले नसावे. काम मिळाल्यास ते लगेच स्वीकारायला तो मोकळा असावा. आणि नजीकच्या काळात, बहुतेक ठिकाणी गेल्या चार आठवड्यांत, त्याने काम मिळवण्यासाठी प्रत्यक्ष काही केलेले असावे: अर्ज, मुलाखत, ओळखीच्यांकडे विचारणा, स्वतःचा व्यवसाय सुरू करण्याची खटपट.

आता घरातल्या माणसांकडे पुन्हा पाहू. आई आणि थोरला मुलगा तिसऱ्या अटीवर गळतात, कारण त्यांनी काम शोधलेले नाही. मुलगी दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही अटींवर गळते. वडील पहिल्याच अटीवर बाहेर पडतात, कारण त्यांनी आठवड्यात आठ तास काम केले आहे. धाकटा मुलगाही तिथेच बाहेर पडतो, कारण विक्रीसाठी चालणाऱ्या कौटुंबिक धंद्यात बिनपगारी हातभार लावणारा माणूस या पद्धतीत रोजगारातला धरतात.

वडील आणि धाकटा मुलगा असे दोघे रोजगारात, उरलेले तिघे बेरोजगारही नाहीत आणि रोजगारातही नाहीत. या तिसऱ्या कप्प्याला ‘श्रमशक्तीबाहेर’ म्हणतात. श्रमशक्ती म्हणजे काम करणारे अधिक काम शोधणारे, आणि बेरोजगारीचा दर म्हणजे या श्रमशक्तीपैकी काम शोधणाऱ्यांचे शेकडा प्रमाण. संपूर्ण लोकसंख्येशी त्याचा थेट संबंध नाही, आणि पुढचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

आठवड्यात एक तास, म्हणजे रोजगार?

आठ तास तरी बरेच झाले. ठरावाप्रमाणे ठरलेल्या आठवड्यात मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी किमान एक तास काम केलेला माणूस रोजगारातला धरला जातो. हे प्रथम ऐकताना कोणालाही थट्टाच वाटते, आणि ज्याने तो एक तास मिळवण्यासाठी सात दिवस घालवले त्याला तो अपमान वाटला तर नवल नाही.

तरीही या अटीमागे विचार आहे. देशाच्या एकूण उत्पादनाचा हिशेब करताना त्यामागे लागलेले सगळे श्रम धरावे लागतात, आणि थोडा वेळ काम करणाऱ्या लाखो लोकांचे तास वगळले तर तो हिशेब जुळत नाही. शिवाय प्रत्येक माणूस एका वेळी एकाच कप्प्यात पडावा, कोणी दोनदा मोजला जाऊ नये, कोणी सुटू नये, यासाठी रेषा कुठेतरी ओढावी लागते. ती पंधरा तासांवर ओढली असती तर चौदा तास काम करणाऱ्याचे काय, हा प्रश्न तितक्याच तीव्रतेने विचारला गेला असता. रेषा एका तासावर आणल्यामुळे ‘बेरोजगार’ या शब्दाला एक स्वच्छ अर्थ मिळाला: ज्याला अजिबात काम नाही तो.

माझे मत असे की ही अट सांख्यिकीच्या कामासाठी योग्य आहे आणि बातमीच्या मथळ्यासाठी अपुरी आहे. अजिबात काम नसलेल्यांची संख्या हा कामाच्या तुटवड्याचा केवळ एक तुकडा असतो. वडिलांसारख्यांसाठी ‘अर्धरोजगार’ हा वेगळा कप्पा आहे: काम आहे, पण हवे त्यापेक्षा कमी तासांचे. बहुतेक देश तो मोजतात, पण मथळ्यात तो येत नाही.

आशा सुटली की दर उतरतो

बंद खिडकीसमोर लागलेली रांग पाहून किती जणांचे काम अडले आहे याचा अंदाज घ्यायचा असेल, तर रांगेतली डोकी मोजता येतात. पण सकाळपासून थांबून कंटाळून घरी गेलेला त्यात येत नाही, गर्दी पाहून लांबूनच परतलेला येत नाही, आणि घरातून निघूच न शकलेलाही येत नाही. बेरोजगारीचा आकडा ही अशी रांगेची मोजणी आहे. रांग लहान झाली म्हणजे खिडकी उघडून लोकांची कामे झाली, असे नुसत्या रांगेवरून सांगता येत नाही.

हे आकड्यांत पाहू. शंभर प्रौढांपैकी ५७ कामावर आहेत, तिघे काम शोधत आहेत आणि ४० श्रमशक्तीबाहेर आहेत. श्रमशक्ती ६०, त्यातले तीन बेरोजगार, म्हणजे दर ५ टक्के. आता त्या तिघांपैकी एकाने निराश होऊन शोध थांबवला. कोणालाही नवे काम मिळालेले नाही, कामावर अजूनही ५७ जणच आहेत. तरी बेरोजगार दोन, श्रमशक्ती ५९ आणि दर सुमारे ३.४ टक्के. एका माणसाची उमेद खचली आणि कागदावर परिस्थिती सुधारली. उलटही घडते. मंदी सरून कामे दिसू लागली की घरी बसलेले लोक पुन्हा शोधायला निघतात, आणि चांगल्या काळाच्या सुरुवातीलाच दर थोडा चढतो.

अशा थकलेल्या लोकांना मोजणीच्या भाषेत ‘हताश कामगार’ म्हणतात, आणि त्यांची व्याख्याही बदलू शकते. अमेरिकेने १९९४ मध्ये आपल्या मासिक पाहणीची रचना बदलली तेव्हा हताश ठरण्यासाठी गेल्या वर्षभरात कधीतरी काम शोधलेले असावे अशी अट घातली. त्यामुळे त्या कप्प्यातली संख्या सुमारे निम्म्यावर आली. वर्षापूर्वीच आशा सोडलेली माणसे हताशांच्या यादीतूनही गेली.

एक आठवडा की एक वर्ष?

माणूस बेरोजगार आहे का, या प्रश्नाला ‘केव्हा?’ असा प्रतिप्रश्न करावा लागतो. वर्षातले सात-आठ महिने शेतावर किंवा बांधकामावर मजुरी करणारा आणि उरलेले महिने काम शोधत फिरणारा माणूस वर्षाच्या हिशेबात रोजगारातला ठरतो. त्याच्याकडे पाहणी करणारा नेमका रिकाम्या आठवड्यात आला, तर आठवड्याच्या हिशेबात तोच बेरोजगार ठरतो.

भारताने या अडचणीचा फार लवकर आणि गंभीरपणे विचार केला होता. प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० मध्ये सांगितले की, जिथे बहुसंख्य लोक शेतीत आणि स्वयंरोजगारात आहेत तिथे एका आकड्याने काम भागणार नाही. त्यानंतर १९७२-७३ पासूनच्या मोठ्या राष्ट्रीय नमुना पाहण्यांत नेहमीची स्थिती, चालू आठवड्याची स्थिती आणि रोजची स्थिती अशा तीन मापांनी मोजणी होऊ लागली. नेहमीच्या स्थितीत ३६५ दिवसांचा विचार होतो, आणि बराचसा काळ काम नसलेल्या माणसानेही वर्षात एकूण ३० दिवस किंवा अधिक काम केले असेल तर दुय्यम काम म्हणून ते धरून त्याची गणना रोजगारात होते. रोजच्या स्थितीत अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा हिशेब असल्यामुळे अधूनमधून मिळणाऱ्या मजुरीतल्या रिकाम्या जागा तिथे सर्वांत स्पष्ट दिसत.

हा फरक न कळल्यामुळे चुकीच्या तुलना होतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०२३-२४ या वर्षाचा बेरोजगारीचा दर पंधरा वर्षे व त्यावरील वयोगटासाठी ३.२ टक्के होता. पुढे मासिक आकडे सुरू झाले आणि पहिला, एप्रिल २०२५ चा दर ५.१ टक्के आला. या दोन्हींवरून बेरोजगारी अचानक वाढली असा निष्कर्ष काढणे म्हणजे एक कापड मीटरने आणि दुसरे फुटाने मोजून कोणते लांब हे ठरवणे होय. पहिला आकडा वर्षाच्या मापाचा आहे, दुसरा आठवड्याच्या.

स्त्रियांच्या कामाचा प्रश्न

या साऱ्या मोजणीत सर्वांत जास्त अन्याय कुठे होत असेल तर तो इथे, असे मला वाटते, आणि त्यातला काही व्याख्येतून येतो, काही विचारण्याच्या पद्धतीतून.

अमेरिकेच्या पाहणीतला पहिला प्रश्न १९९४ पूर्वी साधारण असा असे: गेल्या आठवड्यात तुम्ही बहुतांश वेळ काय करत होता, काम, घर सांभाळणे, शिक्षण की आणखी काही? समोर दिसणाऱ्या माणसाकडे पाहून विचारणारा या प्रश्नाची शब्दरचना बदलू शकत असे. गृहिणी वाटणाऱ्या स्त्रीला ‘घर सांभाळत होता का’ असे विचारले की ‘हो’ हे उत्तर ओठांवर येणारच, मग तिने त्याच आठवड्यात दहा तास शिवणकाम करून पैसे का मिळवले असेनात. प्रश्न सुधारला गेला तो अशाच उत्तरांचा अनुभव घेऊन. शिवाय बहुतेक पाहण्यांत घरातले एकच माणूस सर्वांच्या वतीने उत्तरे देते. ‘ती काही करत नाही, घरीच असते’ हे वाक्य नवऱ्याने किंवा सासऱ्याने उच्चारले की नोंद पूर्ण होते. तिला काम हवे होते का, हे तिला कोणी विचारलेलेच नसते.

व्याख्येची बाजू आणखी गुंतागुंतीची आहे. मुले सांभाळणे, आजाऱ्यांची सेवा, घरच्यांसाठी पाणी-सरपण आणणे यांना रोजगार धरत नाहीत. २०१३ च्या एकोणिसाव्या परिषदेने यात एक महत्त्वाचे पाऊल टाकले: मोबदला असो वा नसो, ही सगळी कामे ‘काम’ आहेत असे मान्य केले, आणि ‘रोजगार’ हा शब्द मात्र पैशासाठी किंवा नफ्यासाठी केलेल्या कामापुरता ठेवला. मान मिळाला, पण बेरोजगारीच्या आकड्यात फरक पडला नाही. दिवसाचे दहा तास राबणारी स्त्री तिथे ना रोजगारात ना बेरोजगारीत, ती श्रमशक्तीबाहेर.

आणि जिथे स्त्रिया श्रमशक्तीत येतात तिथेही आकडा जपून वाचावा लागतो. भारतात पंधरा वर्षे व त्यावरील स्त्रियांचा श्रमसहभाग, म्हणजे श्रमशक्तीत असलेल्यांचे त्या वयोगटातले प्रमाण, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाले. याच काळात एकूण बेरोजगारीचा दर ६.० वरून ३.२ टक्क्यांवर आला. दोन्ही बदल चांगले दिसतात, आणि त्यांत खरी प्रगतीही असेल. परंतु वाढीचा मोठा भाग ग्रामीण भागातला आणि स्वयंरोजगारातला आहे, आणि त्यात घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी हातभार लावणाऱ्या बऱ्याच स्त्रिया येतात. त्यांना काम मिळाले असे म्हणता येते. कमाई मिळाली असे म्हणता येत नाही.

मग गरीब देशांत दर इतका कमी का?

कारण बेकार राहायलाही ऐपत लागते. जिथे बेकारभत्ता आहे, किंवा निदान काही महिने पोसू शकेल असे घर आहे, तिथे माणूस योग्य नोकरीची वाट पाहत अर्ज करत राहू शकतो. ज्याच्याकडे हे काहीच नाही तो दुसऱ्या दिवशी मिळेल ते काम पत्करतो आणि रोजगारातला ठरतो. नायजरसारख्या अतिगरीब देशाचा अंदाजित दर अनेक श्रीमंत देशांपेक्षा कमी असतो तो यामुळे. सुशिक्षित तरुणांत दर जास्त दिसण्यामागेही अंशतः हेच आहे: त्यांच्या मागे थोडा काळ थांबू देणारे घर असते. याचा अर्थ त्यांची अडचण खोटी आहे असा नव्हे. अशिक्षित मजुराची अडचण या मापाला दिसत नाही, असा आहे.

नोंदणी केलेल्यांचीच संख्या का मोजत नाहीत?

काही हजार घरांना विचारून देशाचा आकडा काढण्यापेक्षा नोंदणी कार्यालयातली यादी मोजावी, ती खरी, असे पुष्कळांना वाटते. रक्ततपासणीसाठी शरीरातले सगळे रक्त काढावे लागत नाही, तसेच नीट निवडलेल्या नमुन्याचे आहे. अमेरिकेची पाहणी दरमहा सुमारे ६०,००० घरांची असते आणि तिच्यात काही दशांश टक्क्यांची चूक संभवते, म्हणून ०.१ टक्क्याच्या चढउताराला फार अर्थ नसतो. नमुन्याची खरी दुबळी बाजू वेगळी आहे. पाहण्या घरांतून होतात, त्यामुळे बेघर, तुरुंगातले आणि संस्थांत राहणारे लोक सहसा नमुन्यातच नसतात. आणि लोक उत्तरे देईनासे झाले की नमुना निकामी होतो. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाला ऑक्टोबर २०२३ मध्ये याच कारणाने आपल्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध करणे तात्पुरते थांबवावे लागले.

पण यादी याहून अडचणीची असते, कारण तिच्यात कोण बसतो हे त्या देशाचे नियम ठरवतात. जर्मनीत आठवड्याला पंधरा तासांपेक्षा कमी काम करणारा माणूसही बेरोजगार म्हणून नोंदलेला राहू शकतो, म्हणून तिथला नोंदणीचा आकडा आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या आकड्यापेक्षा मोठा असतो. ब्रिटनने ऑक्टोबर १९८२ मध्ये नोंदणी केलेल्यांऐवजी भत्ता मागणाऱ्यांना मोजायला सुरुवात केली आणि भत्त्याला अपात्र असलेले बेकार एका झटक्यात मोजणीबाहेर गेले.

सरकार आकडे बदलते का?

ही शंका रास्त आहे, आणि नियम बदलले की आकडा बदलतो हे ब्रिटनच्या उदाहरणात दिसलेच. तरी एक प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. एप्रिल २०२० मध्ये, महासाथीच्या पहिल्या तडाख्यात, अमेरिकेचा दर १४.७ टक्के जाहीर झाला. त्याच अहवालात श्रम सांख्यिकी विभागाने लिहिले होते की, कामबंदीमुळे घरी बसलेल्या अनेकांची नोंद ‘नोकरी आहे, पण इतर कारणाने गैरहजर’ अशी झाली आहे, आणि ती चूक धरली तर दर जवळपास ५ टक्क्यांनी अधिक भरेल. घेतलेली उत्तरे त्यांनी मागाहून दुरुस्त केली नाहीत, कारण एकदा चांगल्या हेतूने उत्तरे बदलली की पुढे कोणत्याही हेतूने बदलता येतात. त्यांनी चूक आकड्याशेजारी लिहून ठेवली. आकडा विश्वासार्ह होतो तो अशाने. पद्धत उघड असली की आपल्याला तो दुसऱ्या बाजूनेही तपासता येतो.

तोच अहवाल, दुसरे पान

बहुतेक देशांच्या अहवालात मथळ्याच्या आकड्याखाली आणखी मापे असतात. अमेरिका सहा मापे प्रसिद्ध करते, आणि सर्वांत विस्तृत मापात हताश झालेले व नाइलाजाने अर्धवेळ काम करणारेही येतात. त्याच एप्रिल २०२० मध्ये ते २२.८ टक्के होते. दक्षिण आफ्रिकेत २०२१ च्या दुसऱ्या तिमाहीत अधिकृत दर ३४.४ टक्के होता आणि शोध सोडलेल्यांना धरून काढलेला विस्तारित दर ४४.४ टक्के. हा दहा टक्क्यांचा फरक म्हणजे रांग सोडून घरी गेलेली माणसे.

२०१३ च्या परिषदेने असे विस्तृत माप सर्व देशांसाठी सुचवले. त्यात बेरोजगारांबरोबर अर्धरोजगारातले लोक आणि ‘संभाव्य श्रमशक्ती’ धरतात. संभाव्य श्रमशक्तीत दोन प्रकारचे लोक येतात: काम हवे असून, करायला तयारही असून जे शोधत नाहीत ते, आणि जे शोधत आहेत पण लगेच रुजू होऊ शकत नाहीत ते. आपल्या घराला हे माप लावू. वडील अर्धरोजगारात. आई आणि थोरला मुलगा संभाव्य श्रमशक्तीत. मुलगी अजूनही बाहेर, कारण ती सध्या शोधतही नाही आणि मोकळीही नाही. म्हणजे विस्तारित श्रमशक्ती चार जणांची, आणि त्यांपैकी तिघांच्या श्रमांना पुरेसे काम नाही: ७५ टक्के. घर तेच, आठवडा तोच, पहिल्या पानावर शून्य आणि दुसऱ्या पानावर ७५. त्या ७५ मध्येही धाकटा मुलगा नाही. तो दिवसभर काकांकडे राबतो, त्याचे तास पुरेसे भरतात, आणि त्या तासांचे त्याला काय मिळते हा प्रश्न या दोन्ही पानांवर विचारलेला नाही.